नागपूरच्या उन्हापावसात बोन्सायला पाणी कसे द्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या बेसा भागातील एका घराच्या गच्चीवर उथळ ट्रेमध्ये लावलेली वड, कामिनी, बोगनवेल आणि जेड अशी चार बोन्साय झाडे आहेत. रोज सकाळी प्रत्येक झाडाला एक पेला पाणी न चुकता दिले जाते. तरीही मार्चअखेरीस वडाची पाने पिवळी पडून गळू लागली आहेत, कामिनीच्या पानांच्या कडा करपल्या आहेत, बोगनवेलीला पानेच पाने आहेत पण फूल नाही, आणि जेडचे खोड बुडाशी मऊ लागते आहे. एका परिचिताने दोन वेळा पाणी घालण्याचा सल्ला दिला आहे, तर दुसऱ्याने एक दिवसाआड. पाणी नेमके किती, केव्हा आणि दिवसातून किती वेळा द्यावे, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

दोन्ही सल्ले ट्रेमधील मातीकडे न पाहता दिलेले आहेत, ही माझी पहिली हरकत आहे. जपानमध्ये बोन्साय शिकणाऱ्याला नुसते पाणी घालायला शिकण्यासच तीन वर्षे लागतात असे म्हणण्याची परंपरा आहे, आणि ती अतिशयोक्ती मला कधीच फार मोठी वाटलेली नाही. कारण तार गुंडाळणे किंवा फांदी छाटणे हे काम ठरावीक दिवशी करून संपते, पाण्याचा निर्णय मात्र रोज, प्रत्येक झाडासाठी निराळा आणि बदलत्या हवेत घ्यावा लागतो. आपल्या चार झाडांना पाणी सारखे मिळते आहे आणि त्यांची दुखणी मात्र चार प्रकारची आहेत. तेव्हा वेळापत्रक बदलून उपयोग होणार नाही. ट्रेच्या आत पाण्याचे काय होते ते समजून घ्यावे लागेल.

मुळांना पाणी लागते हे सर्वांना ठाऊक असते, पण मुळे श्वसनही करतात आणि त्यासाठी त्यांना मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा लागते, हे पाणी घालताना विसरले जाते. प्राणवायू हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. त्यामुळे पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, त्यांची टोके काळी पडतात आणि कुजवणाऱ्या बुरशींना वाट मिळते. उलट, ट्रे पूर्ण भिजेल इतके पाणी एकदम दिले म्हणजे पोकळ्यांतील शिळी हवा बाहेर ढकलली जाते, आणि तेच पाणी तळाच्या छिद्रांतून निथळू लागले की त्याच्या मागोमाग वरून ताजी हवा आत ओढली जाते. म्हणून पाणी देणे म्हणजे मुळांशी हवा पोहोचवणे, असे समजून वागलेले बरे. भरपूर पाणी द्यावे, ते पूर्ण निथळू द्यावे आणि माती थोडी सुकू लागल्यावरच पुन्हा द्यावे, हा नियम यातूनच येतो. तो पाळला की दिवसातून किती वेळा हा प्रश्न हवामान आणि झाड मिळून सोडवतात.

आता तो एक पेला पाहू. समजा आपल्या वडाचा ट्रे ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि आतून ५ सेंटिमीटर खोल आहे. त्यात ३ लिटर मिश्रण मावते, आणि चांगले मिश्रण आपल्या आकारमानाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके पाणी धरते असे मानले तर ट्रे पूर्ण भिजायला एक लिटरच्या आसपास पाणी लागेल. दोनशे मिलिलिटरचा पेला वरचा सेंटिमीटरभर थर ओला करतो, वरून पाहणाऱ्याला माती गडद आणि ओली दिसते, पण तळाची मुळे कोरडीच राहतात. शिवाय छिद्रांतून पाणी कधीच बाहेर पडत नसल्यामुळे पाण्यातील आणि खतातील क्षार ट्रेमध्येच साठत जातात. म्हणजे रोज न चुकता पाणी देऊनही झाड एकाच वेळी तहानलेले आणि खारवलेले राहू शकते. मोठ्या पानांच्या झाडाला पेल्याने पाणी देण्याची सवय आधी सोडावी, हे मी आग्रहाने सांगेन.

याच्या दुसऱ्या टोकाचा धोका उथळ ट्रेच्या स्वभावात आहे. पाणी निथळून थांबल्यावरही तळाशी एक थर पूर्ण भिजलेला उरतो. त्याची उंची कणांच्या जाडीवर अवलंबून असते, भांड्याच्या खोलीवर नाही. बारीक मातीत हा थर उंच असतो, भरड मिश्रणात कमी. खोल कुंडीत तो तळाशी पडून राहतो आणि मुळे त्याच्या वर वाढतात, परंतु पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये तो निम्मी जागा व्यापू शकतो. भिजवलेला स्पंज आडवा धरला असता टपकायचा थांबतो आणि तोच उभा धरला की पुन्हा पाणी सोडतो, तसेच ट्रेचे आहे. पाणी देऊन झाल्यावर ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सरकवून तो तिरपा करावा. निथळले असे वाटत होते त्या ट्रेमधून आणखी बरेच पाणी बाहेर येते. पावसाळ्यात तर ही युक्ती झाडे वाचवते.

याच कारणाने तळाशी गिट्टीचा थर घालण्याची आपल्याकडची प्रथा बोन्सायसाठी निरुपयोगी आहे. बारीक मिश्रणातील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते गिट्टीच्या वरच अडून राहते, आणि ओला थर मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रांवर जाळी बसवून वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरावे. विटांचे तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे, तेवढीच भरड दगडाची चुरी आणि थोडे चाळलेले शेणखत किंवा कोकोपीट एवढ्यावर आपल्याकडचे वड-पिंपळ उत्तम चालतात. मात्र धूळ चाळून काढलेली असली पाहिजे, कारण सगळी हवा त्या धुळीनेच बुजते. अकाडामा (जपानी दाणेदार माती) आणि प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) चांगलेच आहेत, पण केवळ पाण्यासाठी एवढा खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

आपल्याकडची काळी माती मात्र ट्रेमध्ये नकोच. ती ओली झाली की फुगून पोकळ्या मिटवते आणि सुकली की आक्रसून ट्रेच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि छिद्रातून पाणी आलेले पाहून माणूस समाधानाने वळतो. असाच घोटाळा रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांत वारंवार दिसतो. पिशवीतील घट्ट चिकणमातीचा गोळा न फोडता तसाच ट्रेमध्ये बसवलेला असतो, भोवती भुसभुशीत मिश्रण असते, आणि सगळे पाणी त्या भुसभुशीत भागातून वाहून जाते, गोळा आतून ढेकळासारखा कोरडा राहतो. बांबूची टोकदार काडी खोडाजवळ हळूच खुपसून पाहावी. ती आत जातच नसेल तर दोष पाण्याचा नसून लागवडीचा आहे. तो पुढच्या माती-बदलीत दुरुस्त होईल, तोवर काडीने काही भोके पाडून आणि ट्रे पाण्यात बुडवून भागवावे लागेल.

पाण्याची वेळ झाली हे ओळखण्याच्या माझ्या तीन रीती आहेत आणि मी त्या एकत्र वापरतो. पहिली म्हणजे रंग: वरच्या खड्यांचा रंग गडद असेतो थांबावे, फिका पडू लागला की पुढची परीक्षा करावी. दुसरी म्हणजे काडी: आइस्क्रीमच्या कांडीएवढी कोरी लाकडी काडी ट्रेच्या कडेला तळापर्यंत खोचून ठेवावी आणि पाणी देण्याआधी उपसून पाहावी, खालचा अर्धा भाग गडद आणि गार लागत असेल तर मुळांकडे पाणी आहे. तिसरी रीत म्हणजे वजन, आणि लहान ट्रेसाठी हीच सर्वांत विश्वासाची. भरपूर पाणी दिल्यावर ट्रे दोन्ही हातांनी उचलून पाहावा, सुकत आला असता पुन्हा उचलावा. काही आठवड्यांत हातच सांगू लागतो. पाने मलूल होण्याची वाट पाहू नये. वड आणि कामिनी माना टाकून इशारा तरी देतात, पण जुनिपरसारखी सूचिपर्णी झाडे मुळे मेल्यानंतरही काही आठवडे हिरवी दिसतात, आणि रंग उतरेपर्यंत उपायाची वेळ गेलेली असते. जुनिपरला तसाही नागपूरचा मे महिना मानवत नाही. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

पाणी द्यायचे ते बारीक छिद्रांच्या झारीने, पावसाच्या सरीसारखे, संपूर्ण पृष्ठभागावर. नळाच्या जोरदार धारेने खडे उडतात, मुळे उघडी पडतात आणि एका जागी खड्डा होऊन पाणी तिथूनच उतरत राहते. पहिली फेरी माती ओलावण्यापुरती द्यावी, कारण सुकलेले मिश्रण, विशेषतः कोकोपीट असलेले, सुरुवातीला पाणी शोषत नाही, नुसते झटकते. सगळ्या झाडांची पहिली फेरी होईपर्यंत पहिल्या झाडाची माती शोषायला तयार झालेली असते. मग दुसरी फेरी द्यावी आणि छिद्रांतून पाणी मोकळेपणाने वाहू लागेपर्यंत थांबू नये. एखादा ट्रे अगदी कोरडा पडला असेल तर तो घमेल्यातील पाण्यात, कडेच्या थोडे खालपर्यंत बुडेल असा ठेवावा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून तिरपा करून निथळावा. हा उपाय अधूनमधूनचा आहे. रोज बुडवून पाणी दिले तर क्षार खाली धुतले जाण्याऐवजी वर चढतात. ट्रेखाली बशी ठेवून तिच्यात पाणी साचू देणे हेही तितकेच वाईट. ओलाव्यासाठी बशी ठेवायची असेल तर तिच्यात खडे भरून ट्रे पाण्याच्या पातळीच्या वर राहील असे पाहावे.

वरून निंबोळी पेंड किंवा शेणखत घालण्याची सवय असेल तर त्याचा थर दर महिन्याला हलक्या हाताने खरवडून काढावा, नाहीतर त्याची खपली पाणी अडवते. शेवाळ हिरवेगार आणि देखणे दिसते, पण ते ओले असले म्हणजे खालची माती ओली आहे असे समजू नये.

पाणी कोणते, हा विषय नागपुरात विशेष महत्त्वाचा आहे. शहराला नळाने येणारे पाणी कन्हान नदीचे आणि पेंच प्रकल्पाचे आहे, ते झाडांना सहसा चालते. त्यातील क्लोरीनची भीती बाळगण्याचे कारण नाही. मनाला बरे वाटत असेल तर रात्रभर बादलीत उघडे ठेवावे. खरी अडचण बोअरच्या पाण्याची असते, आणि बाहेरच्या वस्त्यांत गच्चीच्या टाकीत अनेकदा तेच चढवलेले असते. जड पाण्यातील बायकार्बोनेट मातीचा सामू (पीएच) वाढवतात, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ट्रेच्या कडेवर आणि खोडाच्या बुडाशी पांढरी खपली धरणे ही त्याची दुसरी खूण. कामिनी, संत्रे आणि इतर लिंबूवर्गीय झाडे हे सर्वांत आधी दाखवतात. वड-पिंपळ बरेच सोसतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर आणून टाकीचे पाणी मोजावे. आकडा सहाशे-सातशेच्या पुढे असेल तर नाजूक झाडांसाठी निम्मे पावसाचे किंवा नळाचे पाणी मिसळावे, आणि सर्वच झाडांना पंधरा दिवसांतून एकदा नेहमीच्या दुप्पट पाणी देऊन साठलेले क्षार धुऊन काढावेत. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी वाहू देऊन गच्चीचे पाणी पिंपात साठवले तर ते नाजूक झाडांना हिवाळ्यापर्यंत पुरवता येते. पिंप झाकलेले असावे, नाहीतर डासांची पैदास होते.

दोन पाणी मात्र चुकूनही वापरू नयेत. एक आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले, कारण गाळलेल्या पाण्यातले सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. दुसरे कूलरच्या टाकीत उरलेले. उन्हाळ्यात घरोघर कूलर चालतात आणि संध्याकाळी टाकी रिकामी करताना ते पाणी वाया कशाला घालवायचे म्हणून झाडांना घातले जाते. पण कूलरमध्ये दिवसभर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणजे उरते ते मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारे. ते फरशी धुवायला वापरावे.

आता उन्हाळा, कारण आपल्या झाडांची खरी परीक्षा पुढच्या दोन महिन्यांत आहे. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या अतितप्त नऊ दिवसांत, तो ४७ च्याही वर गेलेला आहे, आणि त्याच्या जोडीला कोरडा वारा असतो. अशा हवेत पाने इतके पाणी उडवतात की उथळ ट्रे सकाळी भरलेला असूनही दुपारी तीनला रिता होतो. एप्रिलपासून पाणी दोन वेळा द्यावे लागते: पहाटे उजाडता-उजाडता, आणि संध्याकाळी ऊन गच्चीवरून उतरल्यावर. तळहाताएवढ्या ट्रेना याशिवाय दुपारीही लागते. संध्याकाळच्या पाण्याने बुरशी वाढते हा इशारा दमट प्रदेशांसाठी योग्य आहे. मे महिन्यातील नागपूरच्या रात्रीला तो लागू नाही. तसेच दुपारी पानांवर थेंब पडले तर ते भिंगाचे काम करून पाने जाळतात, ही समजूतही बहुतांशी खोटी आहे. हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानांवरील थेंबांनी पाने भाजली नाहीत, केवळ लव असलेल्या पानांवर, जिथे थेंब पानापासून उचललेले राहतात, तो धोका आढळला. तहानलेल्या झाडाला दुपारी एक वाजता पाणी द्यावे लागले तर अवश्य द्यावे.

खरा धोका पाण्याच्या उष्णतेचा आहे. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी आणि उन्हात पडलेला पाइप यांतले पाणी दुपारी हाताला चटका देते, आणि जे पाणी हाताला सोसत नाही ते मुळांवर ओतू नये. संध्याकाळीही टाकी तापलेलीच असते. म्हणून सावलीत एक रांजण किंवा दोन मोठ्या बादल्या सकाळीच भरून ठेवाव्यात आणि संध्याकाळचे पाणी त्यातून द्यावे. ट्रेसुद्धा तापतात, काळ्या प्लास्टिकचे आणि गडद चकाकीचे सर्वांत जास्त. उन्हात तापलेली मुळे पाणी ओढेनाशी होतात, आणि मग ओल्या मातीतही झाड दुपारी मलूल दिसते. हे पाहून घाबरून पुन्हा पाणी घातले जाते, आणि तापलेल्या, पाण्याने भरलेल्या मातीत मुळे गुदमरतात: गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, आणि उष्णतेने मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. मलूल झाड दिसले की आधी काडी उपसून पाहावी. ओली असेल तर पाणी न देता झाड सावलीत हलवावे. ऊन उतरल्यावर पाने सावरली तर प्रश्न उष्णतेचा होता.

यासाठी पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, फरशीपासून उंच बाक, आणि ट्रेभोवती ओले बारदान हे तीन उपाय करावेत. लहान ट्रे ओल्या वाळूच्या पेटीत अर्धा सेंटिमीटर रुतवून ठेवले तर दुपारचे पाणी एखाद्या दिवशी चुकले तरी निभावते. पानांवर फवारा मारल्याने तहान भागत नाही, मे महिन्यात तो काही मिनिटांत उडून जातो. पण पानांच्या खालच्या बाजूने मारलेला फवारा लाल कोळी धुऊन काढतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात त्यांचाच सुळसुळाट असतो, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा तो मारण्याजोगा आहे. वडाला पारंब्या फुटाव्यात म्हणून उन्हाळ्यात दिवसभर फवारे मारत बसणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की जुलै महिन्याची वाट पाहावी. ते काम पावसाळी हवा फुकट करून देते.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू होतो आणि सगळे नियम फिरतात. पहिल्या पावसात झाडे भिजलेली दिसतात म्हणून पाणी बंद केले जाते, ही मोठी चूक आहे. दाट पानोऱ्याचे झाड छत्रीसारखे पाणी ट्रेच्या बाहेर सांडते आणि हलक्या सरीनंतर माती आत कोरडीच असते. पाऊस पडून गेला तरी काडी उपसून पाहणे सोडू नये. याउलट जुलैत चार-चार दिवसांची झड लागली की माती सुकायला उसंतच मिळत नाही. तेव्हा ट्रे तिरपे करावेत, छिद्रे काडीने मोकळी आहेत का पाहावीत, ट्रे फरशीवर टेकलेले असतील तर विटांवर उचलावेत, आणि जेड, अडेनियमसारखी मांसल झाडे सरळ छपराखाली न्यावीत. ऑगस्टमध्ये पाऊस उघडीप देतो तेव्हा कडक ऊन पडते आणि दोन दिवसांत ट्रे सुकतात, पण पावसाळा आहे या भरवशावर कोणी पाहत नाही. माझ्या पाहण्यात नागपुरात पाण्यावाचून झाडे गमावण्याचे प्रसंग मे महिन्याइतकेच या उघडिपीत आणि ऑक्टोबरच्या उन्हात येतात.

हिवाळ्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, तेव्हा पाणी सकाळी नऊ-दहाला, ऊन पडल्यावर द्यावे. एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड पुरते. अडेनियमची पाने गळली की पाणी जवळजवळ थांबवावे.

पाने जितकी, तितकी तहान, हे सूत्र दोन प्रसंगी विशेष लक्षात ठेवावे. वडाची किंवा पिंपळाची सर्व पाने काढून टाकली, म्हणजे पान लहान यावे म्हणून डिफोलिएशन केले, की त्या दिवसापासून झाडाची तहान एकदम घटते. जुन्या सवयीने दोन वेळा पाणी सुरू ठेवले तर नवे कोंब फुटण्याऐवजी काळे पडतात. नवी पाने उलगडेपर्यंत मातीचा वरचा थर स्पष्ट सुकल्यावरच पाणी द्यावे. दुसरा प्रसंग माती बदलल्यानंतरचा. त्या दिवशी तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत भरपूर द्यावे, आणि पुढे तीन-चार आठवडे, तुटलेली मुळे सावरेपर्यंत, झाड सावलीत ठेवून जपून द्यावे.

बोगनवेलीच्या बाबतीत आपल्या भागातील संत्राबागायतदारांकडून शिकण्यासारखे आहे. आंबिया बहारासाठी ते हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडून झाडांना ताण देतात, आणि मग पाणी सोडले की बहार फुटतो. बोगनवेलही ताणानेच फुलते. सतत ओली ठेवली तर नुसती पाने वाढवते. पण बागेतल्या संत्र्याची मुळे खोल जमिनीत असतात आणि त्याचा ताण आठवड्यांचा असतो. ट्रेमधील झाडाला तेवढा ताण दिला तर ते उरणार नाही. ट्रेमध्ये ताण म्हणजे कोवळी टोके किंचित झुकू लागेपर्यंत थांबणे, मग भरपूर पाणी, आणि असे दोन-तीन आठवडे. हे मार्चमध्ये किंवा नोव्हेंबरमध्ये करावे, मे महिन्यात करू नये.

गावाला जाताना शेजाऱ्यांना झारी सोपवायची असेल तर झाडे सावलीत एकत्र आणून ओल्या वाळूच्या पेटीत ठेवावीत, मांसल झाडे वेगळी काढून त्यांना पाणी घालू नका असे बजावावे. ठिबकाची एकच नळी उथळ ट्रेच्या एका कोपऱ्यातच ओल करते. ती वापरायची तर ट्रेच्या दोन-तीन बाजूंना तोट्या द्याव्यात आणि निघण्याआधी चार दिवस चालवून पाहावी.

आता आपली चार झाडे. वडाची पिवळी पाने सगळीच चिंतेची नाहीत: फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वड जुनी पाने टाकून नवी घेतो. फांद्यांच्या टोकांवरच्या कळ्या टणक आणि तांबूस असतील, गळणारी पाने जुनीच असतील, तर हा ऋतूचा भाग आहे. कोंबच मऊ किंवा काळे असतील आणि छिद्राजवळची माती आंबूस वास मारत असेल तर मुळे कुजत आहेत. तेव्हा ट्रे तिरपा करून, सावलीत ठेवून, माती निम्मी सुकेपर्यंत पाणी थांबवावे. दोन्ही नसून काडी कोरडी निघाली तर ट्रे एकदा बुडवून भिजवावा आणि पुढे झारीने पूर्ण पाणी द्यावे. कामिनीसाठी आधी टाकीचे पाणी मोजावे. एकदा दोन-तीन लिटर साध्या नळाच्या पाण्याने ट्रे धुऊन काढावा, आणि उन्हाळाभर तिला दुपारनंतरची सावली द्यावी. करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या होणार नाहीत, नवी पाने स्वच्छ येतात का तेवढे पाहावे. बोगनवेलीचे पाणी आजपासूनच वर सांगितल्याप्रमाणे ताणून धरावे, म्हणजे ऊन कडक होण्याआधी तिचा ताण संपेल.

जेडचे काम आजच करावे. ट्रेमधून काढून मुळे पाहावीत, मऊ आणि तपकिरी झालेला भाग पांढरट-हिरवा टणक गर दिसेपर्यंत स्वच्छ धारेच्या सुरीने कापावा. खोडच आतून कुजले असेल तर वरच्या निरोगी फांद्या कापून त्यांचीच कलमे करावीत, जेड फांदीपासून सहज लागते. कापलेला भाग आठवडाभर सावलीत सुकू द्यावा, मग कोरड्या भरड मिश्रणात लावून पहिले पाणी आणखी आठ-दहा दिवसांनी द्यावे, आणि त्यापुढे पाने किंचित सुरकुतली आणि दाबल्यावर लवचीक लागली तरच.